पिशवी काढायची की ठेवायची, हे ठरवण्याआधी

पत्र : मी ४२ वर्षांची असून नागपुरात नंदनवन भागात राहते. बी.कॉम. झाले आहे आणि एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहते. मुलगी १६ वर्षांची आहे, मुलगा ११ वर्षांचा. त्याच्या जन्मानंतर नसबंदीचे ऑपरेशन झाले. गेल्या पोळ्यापासून पाळी नऊ-दहा दिवस चालते, पहिले तीन दिवस गाठी पडतात आणि कामावर खुर्चीवरून उठायचीही भीती वाटते. सोनोग्राफीत ‘युटेरस बल्की, ३.१ सेंटिमीटरचा इंट्राम्युरल फायब्रॉइड, एंडोमेट्रियम ११ मिलिमीटर, नॅबोथियन सिस्ट’ असे आले. हिमोग्लोबिन ८.९ आहे. डॉक्टरांनी पिशवी काढून टाकायला सांगितले, उशीर केला तर कॅन्सरही होऊ शकतो असे म्हणाले आणि पुढच्या पंधरवड्यातील तारीख दिली. ‘ओव्हरी ठेवायच्या की काढायच्या?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मी यजमानांकडे पाहिले, कारण ओव्हरी आणि पिशवी एकच असे मी आजवर समजत होते. सासूबाई म्हणतात, ‘दोन लेकरं झाली, आता त्या पिशवीचं काय काम?’ यजमानांच्या कंपनीचा विमा मार्चपर्यंतच आहे, त्यामुळे आताच उरकून घ्यावे असे त्यांना वाटते. शाळेत प्रजननसंस्थेचा धडा बाईंनी ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून दिला होता. आता मुलगी विचारते की अंगावरून पांढरे का जाते, आणि मला धड उत्तर देता येत नाही. पिशवी काढू की नको? आणि डॉक्टरांना राग येणार नाही अशा रीतीने हे विचारू तरी कसे?
— एक वाचक, नागपूर

ताई, स.न.वि.वि.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते मी करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिले आहे तेवढ्यावरून पिशवी आताच काढली पाहिजे असे ठरत नाही, कारण ते ठरवण्यासाठी ज्या तपासण्या व्हायला हव्यात त्यांपैकी निम्म्याही झालेल्या दिसत नाहीत. म्हणून तूर्त ती तारीख पुढे ढकला. रक्तस्राव इतका वाढला की तासा-दीड तासाला पॅड बदलावे लागते आहे, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, धाप लागते आहे, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा; पण तेव्हाही पहिले काम रक्तस्राव थांबवण्याचे आणि रक्त भरून काढण्याचे असते, गर्भाशय काढण्याचे नव्हे.

तुम्ही यजमानांकडे पाहिलेत, त्या क्षणापासूनच सुरुवात करते. गर्भाशय, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो, तो ओटीपोटात मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये असलेला, साधारण आपल्याच मुठीएवढा, जाड स्नायूंचा पोकळ अवयव आहे. त्याचे खालचे निमुळते टोक योनीत उघडते, ते गर्भाशयमुख. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात. नसबंदीत तुमच्या याच नळ्या बंद केल्या आहेत. नळ्यांच्या टोकांशी, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. डॉक्टर ज्यांना ओव्हरी म्हणाले त्या याच. गर्भाशयाचे काम गर्भ सांभाळण्याचे आणि पाळीचे. अंडाशयांचे काम बीज तयार करण्याबरोबरच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके रक्तात सोडण्याचे. हाडांची बळकटी, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, झोप, योनीमार्गाचा ओलावा या सगळ्यांचा संबंध या संप्रेरकांशी आहे. म्हणजे ‘दोन लेकरं झाली’ हा सासूबाईंचा युक्तिवाद गर्भाशयाच्या बाबतीत एक वेळ ऐकून घेता येईल, पण अंडाशयांना तो लागूच पडत नाही. बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशये काढली तर रजोनिवृत्ती दोन-चार वर्षांत सावकाश न येता शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. अंगाची काहिली, हाडांची झीज आणि पुढे हृदयविकाराचा वाढलेला धोका हे सगळे तिच्याबरोबर येते. अंडाशयांत दोष नसेल आणि घराण्यात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास नसेल, तर या वयात ती ठेवावीत असाच आजचा सर्वसाधारण वैद्यकीय कल आहे. ‘ठेवायच्या की काढायच्या’ हा प्रश्न दारात उभ्याउभ्या विचारण्यासारखा नव्हता, आणि त्याचे उत्तर तुम्हाला देता आले नाही यात तुमचा दोष नाही.

आता तो अहवाल. तुम्ही पतसंस्थेत ताळेबंद वाचता. तिथे एखादा आकडा मोठा दिसला म्हणून संस्था बुडाली असे तुम्ही म्हणत नाही, तो कोणत्या तारखेचा आणि कशाच्या तुलनेत हे आधी पाहता. सोनोग्राफीचा कागदही तसाच वाचायचा. ‘बल्की’ हा आजार नाही, ते वर्णन आहे. मूल न झालेल्या स्त्रीचे गर्भाशय सुमारे सात-आठ सेंटिमीटर लांब असते, बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे त्याहून एक-दोन सेंटिमीटर मोठे असू शकते. पुष्कळशा अहवालांत हा शब्द इतक्या सहज येतो की तो नसला तरच मला आश्चर्य वाटते. घरी येईपर्यंत त्याचे ‘पिशवीला सूज आहे’ असे भाषांतर झालेले असते, आणि सूज म्हटली की आता ती फुटणार, सडणार अशी धास्ती सुरू होते. तसे काही नसते.

‘एंडोमेट्रियम ११ मिलिमीटर’ म्हणजे गर्भाशयाच्या आतील अस्तराची जाडी. पाळी संपल्याबरोबर हे अस्तर दोन-चार मिलिमीटर असते आणि पुढची पाळी येण्याच्या सुमारास ते पंधरा-सोळापर्यंत जाऊ शकते, मग ते गळून पडते आणि त्यालाच आपण पाळी म्हणतो. त्यामुळे ही सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली हे कळल्याशिवाय ११ या आकड्याला अर्थ नाही. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला तर चार मिलिमीटरच्या वरची जाडी काळजीची मानतात. तो नियम पाळी चालू असलेल्या तुम्हाला लावता येत नाही. अहवालावर त्या दिवसाची नोंद आहे का ते पाहा, नसेल तर स्वतः आठवून पेनाने लिहून ठेवा. ‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे गर्भाशयमुखावरील ग्रंथींची तोंडे बंद होऊन झालेले चिकट द्रवाचे निरुपद्रवी फोड. मुले झालेल्या असंख्य स्त्रियांत ते आढळतात आणि त्यांना बहुधा काहीच करावे लागत नाही.

राहिला फायब्रॉइड, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘गाठ’ म्हणतात आणि गाठ म्हटले की पुढचे शब्द कोणी ऐकत नाही. ही स्नायूंची साधी गाठ आहे. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहान-मोठे फायब्रॉइड होतात आणि त्यांतील अनेकींना ते कधी कळतही नाही. ते किती मोठे आहेत यापेक्षा ते कुठे आहेत याला जास्त महत्त्व असते: अस्तराच्या खाली आत डोकावणारा दीड सेंटिमीटरचा फायब्रॉइडही भरपूर रक्तस्राव घडवतो, तर गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला लोंबणारा पाच सेंटिमीटरचाही त्या बाबतीत निरुपद्रवी असू शकतो. तुमचा ‘इंट्राम्युरल’ आहे, म्हणजे भिंतीच्या जाडीत. तो अस्तराला रेटतो आहे का, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना मुद्दाम विचारण्यासारखे आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाले की हे फायब्रॉइड सहसा आपोआप आक्रसतात. तुम्ही ४२ वर्षांच्या आहात. वाट पाहणे हाही अनेकदा उपचारच असतो.

मग रक्त इतके का जाते? चाळिशीत एक कारण फार वेळा आढळते आणि ते सोनोग्राफीत दिसत नाही. दर महिन्याला बीज सुटल्यावर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन स्रवते आणि ते अस्तराला स्थिर ठेवते. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढत राहते, त्याला थोपवणारे प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, आणि मग ते लांबलेल्या पाळीनंतर तुकड्या-तुकड्यांनी, दिवसेंदिवस पडत राहते. थायरॉइडचे काम मंदावल्यामुळे हेच होऊ शकते, आणि त्याची तपासणी एका रक्तचाचणीत होते. भिंतीतच अस्तर रुजल्याने होणारा ॲडिनोमायोसिस, अस्तरावरील पॉलिप, तांबी, रक्त पातळ करणारी औषधे, लहानपणापासून नाकातून किंवा दात काढताना खूप रक्त जाण्याची सवय, ही आणखी काही कारणे. तुम्ही ‘नऊ-दहा दिवस’ लिहिलेत, पण दोन पाळ्यांमध्ये अंतर किती ते लिहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत मोठी उणीव ती आहे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत, हे सर्वसाधारण मानतात. नियमित येणारी पण जास्त जाणारी पाळी आणि कधीही येणारी, कधीही थांबणारी पाळी यांची कारणे वेगळी असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या बाईंची सुट्टी हे सगळे असते. तिथेच पाळीचा पहिला दिवस, शेवटचा दिवस, किती पॅड लागले आणि रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडल्या का, हेही रोज लिहा. कोणी पाहील म्हणून नुसता कोपऱ्यात ठिपका देऊ नका. डॉक्टरांपुढे ठेवायला याहून उपयोगी कागद नाही.

कॅन्सरच्या भीतीविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण याच एका शब्दावर सर्वांत जास्त पिशव्या काढल्या जातात. फायब्रॉइडचा कर्करोग होणे अत्यंत विरळ आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. लठ्ठपणा, मधुमेह, वर्षानुवर्षे अनियमित पाळी यांत तो धोका वाढतो, आणि म्हणूनच चाळिशीनंतर असा रक्तस्राव होत असेल तर अस्तराचा नमुना घेऊन तपासणे योग्य ठरते. पिपेल नावाच्या बारीक नळीने तो बहुधा बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता घेता येतो. काही ठिकाणी त्यासाठी क्युरेटिंग करतात, म्हणजे अस्तर खरवडून घेतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा तिसराच विषय आहे. तो प्रामुख्याने एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, हळूहळू वाढतो, आणि पॅप तपासणीने, म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन त्या पाहण्याने, एचपीव्हीच्या चाचणीने किंवा सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख पांढरे पडते का हे पाहण्याच्या अगदी साध्या तपासणीनेही आधीच पकडता येतो. ही शेवटची तपासणी सरकारी कार्यक्रमात तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी करायची असते. प्रत्यक्षात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. तुमच्या पत्रात कॅन्सरचा शब्द आहे, पण अस्तराचा नमुना नाही आणि पॅपही नाही. भीती घातली गेली. तपासणी सांगितली गेली नाही. माझा आक्षेप शस्त्रक्रियेला नाही, या क्रमाला आहे.

तपासण्यांत काही गंभीर निघाले नाही तर उपचार पायरीपायरीने करता येतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायच्या असतात, त्या संप्रेरकांच्या नसतात आणि त्यांनी रक्त जाणे बरेच कमी होते. पायांत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र त्या चालत नाहीत, हे डॉक्टरांना आधी सांगा. वेदनाही असतील तर मेफेनॅमिक ॲसिड उपयोगी पडते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या असतात, आणि तांबीसारखेच गर्भाशयात बसवायचे पण तांब्याऐवजी संप्रेरक थोडे थोडे सोडणारे, मिरेना या नावाने बहुतेकांना ठाऊक असलेले साधन असते. ते किमान पाच वर्षे काम करते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात आणि तेवढ्यातच कंटाळून पुष्कळ जणी ते काढून टाकतात. थोडा धीर धरला तर बहुतेकींची पाळी अगदी कमी होते. अस्तराखालचा फायब्रॉइड किंवा पॉलिप खालून दुर्बीण घालून काढता येतो. हे सगळे करूनही रक्त थांबले नाही, फायब्रॉइड मोठे आणि अनेक आहेत, नमुन्यात धोक्याच्या पेशी आल्या, किंवा हा त्रास आता पुरे असे पूर्ण विचारांती तुम्हालाच वाटले, तर गर्भाशय काढणे ही उत्तम शस्त्रक्रिया आहे. ती झालेल्या आणि समाधानाने जगणाऱ्या अनेक स्त्रिया माझ्या ओळखीच्या आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही. अशा वेळी एवढे विचारून घ्या की गर्भाशयमुख काढणार की ठेवणार, कारण ते ठेवले तर त्याची तपासणी पुढेही करत राहावी लागते. अंडाशये ठेवून केवळ नळ्या काढता येतील का. आणि शस्त्रक्रिया पोटावरून, खालून की दुर्बिणीतून होणार. साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. पाण्याची भरलेली कळशी कोण उचलणार, हे घरात आधीच ठरवून घ्या.

विम्याची मुदत हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकत नाही. यजमानांचा हिशेब वाईट हेतूचा नाही, हे मी समजते. पण पैसे मिळतात म्हणून गर्भाशये काढली गेल्याचा अनुभव या देशाने घेतला आहे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशा प्रकारांवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये दिला. आपल्या राज्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९मध्ये पाहणी झाली तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा पडला तर मजुरी बुडते आणि दंडही भरावा लागतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. देशपातळीवरील सर्वेक्षणांतही या शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले होते ते जास्त रक्तस्राव किंवा वेदना, म्हणजे नेमके तुमचेच. यावरून तुमच्या डॉक्टरांचा हेतू शंकास्पद ठरत नाही. कारणाचा पुरावा मागण्याचा तुमचा अधिकार मात्र ठरतो.

तो मागायचा कसा, हा तुमचा दुसरा प्रश्न. तज्ज्ञ डॉक्टरला प्रश्नांचा राग येऊ नये. येत असेल तर ती त्यांची अडचण आहे. पण नागपुरातील मध्यमवर्गीय घरांत डॉक्टरांपुढे ‘हो जी’च्या पलीकडे न बोलण्याचे जे वळण आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून वाक्येच देते. आत गेल्यावर आधी म्हणा, “डॉक्टर, मला ऑपरेशनची भीती नाही, पण समजून घेऊन करायचे आहे.” मग विचारा, “माझ्या रक्तस्रावाचे कारण फायब्रॉइडच आहे, हे कशावरून ठरले? अस्तराचा नमुना आणि पॅप आधी करता येईल का? औषधाने किंवा मिरेनाने तीन-चार महिने पाहिले तर माझे काय नुकसान होईल?” उत्तरे तिथेच वहीत लिहून घ्या. लिहिणाऱ्या रुग्णाशी डॉक्टर जरा सावकाश बोलतात, असा माझा अनुभव आहे. बरोबर यजमानांना नेलेत तरी उत्तरे तुम्ही द्या. आणि संमतीपत्रावर सही करायची वेळ आलीच, तर ते मराठीत मागा आणि त्यावर नेमके काय काढणार हे शब्दांत लिहिलेले असल्याशिवाय सही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केले आहे की केवळ दुर्बिणीच्या तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय आणि अंडाशये काढण्यासाठी चालत नाही, आणि सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना, जिवावर बेतलेले नसताना, तिच्या नातेवाइकाने दिलेली संमती तिची संमती ठरत नाही. त्या प्रकरणात संमती रुग्णाच्या आईची होती. सासूबाई आणि यजमान यांनाही तोच नियम लागू आहे.

दुसरे मत घेणे हा रुग्णाच्या हक्कांच्या सनदेतील हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी ही सनद दर्शनी भागात लावायची असते. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. आपल्या शहरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, गांधीबागेतील डागा स्त्री रुग्णालय आणि मिहानमधील एम्स अशा चार सरकारी ठिकाणी स्त्रीरोग विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, रांग असते, बसायला बाक मिळेलच असे नाही, आणि एवढ्यासाठी धंतोली-रामदासपेठेत ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणे सोपे वाटते. तरीही पहिल्या डॉक्टरांनीच सुचवलेल्या नावाकडे दुसऱ्या मतासाठी जाऊ नका, एवढे पाळा.

आता शाळेतील त्या धड्याविषयी. बी.कॉम. होऊनही आपल्याला हे कळत नाही, याची तुम्हाला लाज वाटते आहे. पण हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्याचा एक अभ्यास छापला गेला. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक ना एक आजार आढळला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. प्रसूती आणि नसबंदी यांपलीकडे स्त्रीच्या शरीराकडे आरोग्यव्यवस्थेने पाहिलेच नव्हते, हे त्या आकड्यांतून जगाला कळले. गावातील त्या स्त्रियांकडे निदान आपसांत बोलण्यासाठी शब्द तरी होते. शहरातील शिकलेल्या घरांत ते शब्द असभ्य ठरले, इंग्रजी शब्दांचा अर्थ कोणी सांगितला नाही, आणि ‘अडचण आहे’ एवढ्यावर तीस-तीस वर्षे निघून गेली. पाळीत देवघराकडे न फिरकण्याचा नियम जिला पहिल्या दिवशीच कळतो, तिला पाळी कुठून येते हे कळायला बेचाळिसावे वर्ष उजाडावे लागते, याला वैयक्तिक अज्ञान म्हणणे मला पटत नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आजच देऊ शकता. तिला आधी वर लिहिलेले ते चार अवयव कागदावर काढून दाखवा. मग सांगा की गर्भाशयमुखातून आणि योनीतून थोडा स्राव होणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी, बीज सुटण्याच्या वेळी, तो पातळ, पारदर्शक आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा असतो, नंतर दाट होतो. धुपणीमुळे हाडे झिजतात, शक्ती वाहून जाते, अशी जी समजूत घरोघरी आहे तिला आधार नाही. कंबर दुखत असेल तर तिचे कारण वेगळे शोधावे लागते. खाज सुटली, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव झाला, दुर्गंधी आली, त्यात रक्त दिसले किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर डॉक्टरांकडे जायचे. तो भाग साध्या पाण्याने बाहेरून धुतला की पुरे, जाहिरातींतील सुगंधी द्रव्यांची काही गरज नाही. तिचे एचपीव्हीचे लसीकरण झालेले नसेल तर तेही विचारून घ्या. १५ वर्षे पूर्ण होण्याआधी लस सुरू केली तर सर्व्हाव्हॅक या भारतीय बनावटीच्या लसीच्या दोन मात्रा पुरतात, त्यानंतर तीन घ्याव्या लागतात. तिच्यासाठी अजून उशीर झालेला नाही. अकरा वर्षांचा मुलगा त्या वेळी खोलीत असला तर त्याला बाहेर पाठवू नका.

शेवटी तुमचे हिमोग्लोबिन. ८.९ हा मध्यम रक्तक्षय आहे आणि शस्त्रक्रिया करा अथवा न करा, तो आधी भरून काढायलाच हवा. पण आपण विदर्भात राहतो, इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो, आणि कमी हिमोग्लोबिनचे सगळे खापर पाळीवर फोडण्याआधी तुमची सिकलसेलची चाचणी एकदा झालेली असावी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ती माहिती लागते. सिकलसेलचा आजार निघाला तर लोहाच्या गोळ्या फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. तसे नसेल तर त्या लगेच सुरू करता येतील. गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा जेवणानंतर संत्र्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तास दूर ठेवा. शौचाचा रंग काळा होईल, पोट थोडे बिघडेल. त्याला घाबरून गोळी बंद करू नका, फार त्रास झाला तर प्रकार बदलून मागा. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते एक-दीडने वाढले नसेल, तर गोळी अंगी लागत नाही किंवा रक्त अजून तितकेच जाते आहे, आणि दोन्हींपैकी काय ते कॅलेंडरवरच्या नोंदींवरून डॉक्टरांना सांगता येईल.